तीन नंबरचं हसू

गुरुवार, २१ एप्रिल २०१६. दुपारी एक वाजून चोवीस मिनिटांनी, चकलांब्याच्या अलीकडे माळावर दूध संघाने उघडलेल्या चारा छावणीतल्या टीव्हीवर भिवराबाई हसल्या. त्यांना जाऊन त्या दिवशी पस्तीस दिवस झाले होते.

हसू चार सेकंदांचं. हिरव्या लुगड्याचा पदर मुठीत गोळा करून तोंडाशी धरलेला, डोळे मिटलेले. खांदे एकदा वर जाऊन खाली आले, दुसऱ्यांदा वर जाऊन खाली आले, तिसऱ्यांदा वर निघाले आणि चित्र बदललं. पुन्हा रंगमंच, पुन्हा तिथला नट. टीव्हीपुढे बसलेल्या बायांपैकी एकीने रोजच्यासारखं म्हटलं, "आली बघा भिवराबाय." भिवराबाईंचा मुलगा रामकिसन मागे बादली घेऊन उभा होता. हा तुकडा त्याने आजवर शंभरदा तरी पाहिला असेल. दुपारी पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या त्या विनोदी कार्यक्रमात कुठेही मोठा हशा हवा असला की मुंबईचा एडिटर तो टाकत असे. आज पहिल्यांदाच त्याला त्यात हसू दिसलं नाही. खोकला दिसला. त्याने बादली खाली ठेवली ती नेमकी दगडावर, कलंडली, आणि जनावरामागे मोजून मिळालेलं पाणी मातीत गेलं. दावणीवरून कोणीतरी म्हणालं, "ओ सेक्रेटरी, पानी हाय ते." दोघंतिघं हसले. रामकिसन बादलीच्या कडीला धरून तसाच वाकून राहिला.

तो खोकला त्याला पाठ होता. मार्चमध्ये अकरा दिवस तो बीडला दवाखान्यात मायच्या खाटेशी बसून होता आणि त्या अकरा दिवसांत त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. आधी मूठ वळायची. मग पदराचा बोळा तोंडाशी यायचा, डोळे मिटायचे, खांदे वर, खाली, वर, खाली, आणि तिसऱ्या झटक्याला तिच्यात जोर उरायचा नाही. तो अर्ध्यावरच अडकायचा. शेजारच्या खाटांना त्रास नको म्हणून ती आवाज गिळायची. वीस वर्षं दुसऱ्यांची शरीरं न्याहाळून पोट भरलेला माणूस. त्याच्या खांद्यांनी ते चार सेकंद आधी ओळखले आणि मन मागून धापा टाकत आलं. आल्या आल्या ते महिने मोजू लागलं. तुकडा चित्रित झाला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये. माय गेली मार्च २०१६ मध्ये. मधे सोळा महिने. दवाखान्यातल्या डॉक्टरने एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरला होता, एक डोळा बारीक केला होता आणि म्हणाला होता, "पाणी आहे. छातीत पाणी झालंय, आणि हे आजकालचं नाही." त्या क्षणी, माय तिथे पडलेली असताना, रामकिसनच्या मनात जे पहिलं आलं ते हे, की हा माझं काम करतोय. त्याची लाज अजून गेली नव्हती. आता तिच्यावर ही दुसरी येऊन बसली.

त्याचं काम म्हणजे 'सेक्रेटरी'. सहा वर्षं तो दर सोमवारी आणि मंगळवारी गावातल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून टीव्हीवर यायचा. धोतर, वरती जाकीट, खिशात दुधात पाणी आहे का ते पाहायला त्यात सोडायची काचेची नळी, जिला गावात डिग्री म्हणतात. ती नळी उजेडाकडे धरायची, एक डोळा झाकायचा, मान तिरपी करायची, समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचं आणि सांगायचं, "पानी हाय." दूध असो, नवरा मुलगा असो, पुढारी असो, सेक्रेटरी सगळ्यांना डिग्री लावायचा. महाराष्ट्रभर लग्नांच्या वराती थांबवून लोकांनी त्याला डोळा झाकायला लावला होता. ते सगळं त्याने उचललं होतं ते सोसायटीच्या रांगेतून. पहाटे माय चरवी डोक्यावर घेऊन निघायची, मागे तो. रांगेत तो चरव्यांच्या उंचीचा असल्यापासून उभा होता आणि समोर टेबलामागे निवृत्तीअण्णा सेक्रेटरी डिग्री उजेडाकडे धरून, एक डोळा झाकून, मायचं दूध पाहायचे. त्या झाकलेल्या डोळ्यात किती संशय असतो, किती अधिकार, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. घरी आल्यावर तो मायच्या समोर उलथणं उजेडाकडे धरून डोळा झाकायचा. ती हसायची का? हसायची. पण कशी हसायची, तेच त्याला आता आठवेना. पदर तोंडाला लावायची का? दात दिसायचे का? हसण्याचा आवाज कसा होता? चुलीपुढची ती बाई त्याने डोळ्यांपुढे आणली की तिच्या जागी टीव्हीतली यायची, तिसऱ्या रांगेतली, हिरव्या लुगड्यातली. चार सेकंदांनी बाकीचं सगळं हसणं पुसून टाकलं होतं.

मागच्या वर्षी पाऊस गेला. ऑगस्टात वाहिनीच्या बैठकीत एका बाईंनी अतिशय हळुवारपणे सांगितलं होतं, की दुष्काळात पाण्यावरचे विनोद बरे दिसत नाहीत, तेव्हा सेक्रेटरीला थोडी विश्रांती देऊ. रामकिसनलाही ते पटलं होतं. आपल्या जिल्ह्याची एवढी जाणीव कोणी ठेवतं याचं त्याला बरंच वाटलं होतं. जानेवारीत सेक्रेटरी परत आला. जाकीट तेच, डिग्री तीच, नट दुसरा. नवा माणूस तरणा होता, चपळ होता, आणि रामकिसनने प्रामाणिकपणे कबूल केलं असतं की वाईट नव्हता. भुवई, मान, 'पानी हाय'च्या आधीचा तो जगप्रसिद्ध थांबा, सगळं त्याने जसंच्या तसं घेतलं होतं. फोन यायचे थांबले ते तेव्हापासून. मार्चमध्ये तो गावी आला तो मायसाठी आला असं गाव समजत होतं. खरं म्हणजे येण्यावाचून त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. माय आजारी नसती तर येण्याला कारण काय सांगितलं असतं, हा विचार त्याने एसटीत केला होता आणि गेवराईच्या स्टँडवर उतरताना गिळला होता. ती गेल्यावर गोठ्यात तिची बांडी गाय राहिली. छावणीचा नियम असा की जनावरामागे माणूस पाहिजे. बांडीमागचा माणूस म्हणून वहीत आता रामकिसनचं नाव होतं. महाराष्ट्राला हसवणाऱ्या नटाची सध्याची ठरलेली जागा ती होती: तिसरी दावण, सिंधुबाईच्या बैलांशेजारी.

सिंधुबाई. तो तुकडा चित्रित झाला त्या दिवशी मुंबईला मायच्या शेजारच्या खुर्चीत गावातली हीच सिंधुबाई होती. टीव्हीपासून ती आता साठ पावलांवर होती, दोन खांबांना लुगडं बांधून केलेल्या सावलीत. विचारायचं तर तिला, जगात दुसऱ्या कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं. रामकिसन साठ पावलं चालून गेला, रिकामी बादली बांडीपुढे ठेवली, आणि काही न विचारता परत आला.

शुक्रवारी त्याने मुंबईला फोन लावला. छावणीत रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी, फाटकाजवळच्या वजनकाट्यावर चढलं की. काट्यावर उभं राहून, स्वतःचं वजन समोर दिसत असताना, त्याने एडिटरला विचारलं की तो आजीचा शॉट मूळ कुठला आहे. "काका, तो आपला सोन्याचा तुकडा आहे," एडिटर म्हणाला. तो तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागला होता, सहसा मध्यरात्रीपर्यंत बसायचा, आणि भिवराबाई कोणाची कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. "'आजी तीन' नावाने ठेवलाय. असं हसणं सांगून मिळत नाही. पडलेला पंच असला तरी आजी टाकली की उभा राहतो." रामकिसनने सांगितलं, ती माझी आई. मग एडिटरने विचारलं, कशा आहेत त्या? रामकिसनने तेही सांगितलं. "सॉरी काका, मला खरंच कल्पना नव्हती. काढून टाकू का? तुम्ही म्हणाल तसं. पुढच्या शुक्रवारी नवे भाग बांधायला घेतोय, त्याच्या आत सांगा. एकदा फोल्डरमधून काढला की पुन्हा कुठेच येणार नाही." रामकिसन म्हणाला, त्या दिवसाचं सगळं चित्रण आहे का? आवाजासकट? एडिटर म्हणाला, शोधतो. प्रेक्षकांवर एक माईक असतो, त्याचा ट्रॅक वेगळा ठेवतात, असला तर पाठवतो.

'आजी तीन'मधला तीन त्याला चांगला ठाऊक होता. मुंबईत त्याची पहिली नोकरी हसण्याचीच होती. चित्रीकरणाच्या आधी प्रेक्षकांना बसवून नुसतं हसणं टिपून घ्यायचं, म्हणजे पुढे लागेल तिथे जोडता येतं. आणि लोकांना काही कारण नसताना हसवायला एक माणूस समोर उभा करावा लागतो. दोन वर्षं तो माणूस रामकिसन होता. एक नंबर म्हणजे नुसतं ओठांत. दोन नंबर म्हणजे दात दिसले पाहिजेत. तीन नंबर म्हणजे डोळ्यांतून पाणी. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी, माय आणि सिंधुबाई तिसऱ्या रांगेत बसलेल्या पाहून त्याला उकळी फुटली होती. मेकअप झालेला, जाकीट घातलेलं, आणि तो पडद्याबाहेर आला होता, म्हणाला होता, आज प्रेक्षकांना मी तयार करतो, जुना धंदा आहे माझा. त्याने बायांकडे बोट करून सांगितलं होतं: तीन नंबरला पदर तोंडाला लावायचा, खांदे हलवायचे, कॅमेऱ्यात फार गोड दिसतं. आणि पुढे, दरवेळी सांगायचा तसं सांगितलं होतं: मात्र आमचं काम चालू असताना खोकायचं नाही, शिंकायचं नाही, माईक नाजूक असतो, एक खोकला आला की सगळ्यांना पुन्हा करावं लागतं. हे सांगताना त्याने मायकडे पाहिलं होतं. ती मान हलवून हो म्हणाली होती, सोसायटीत निवृत्तीअण्णा काही सांगायचे तेव्हा म्हणायची तशी.

म्हणजे तीन शक्यता झाल्या. एक, ती हसत होती. दोन, ती खोकत होती आणि त्याने सांगितलं म्हणून पदर कोंबून गप्प बसली होती. तीन, ती त्याने सांगितलेलं हसणं हसून दाखवत होती, बायांनी पदर, बायांनी खांदे. पहिलं खरं असेल तर तो जगू शकत होता. तिसरं खरं असेल तरी, कसंतरी. छावणीत गायीपुढे ऊस तोडून टाकताना, कोयता खाली येईपर्यंत पहिलं खरं असायचं आणि खाली आला की दुसरं. मुंबईला त्या दिवशी ती नुसता कार्यक्रम पाहायला आली नव्हती. फोनवर तिने आधी सांगितलं होतं, "यायचं हाय. तुझ्याशी बोलायचं हाय." तो म्हणाला होता, मग शूटिंगच्याच दिवशी ये, कार्यक्रमही पाहून होईल. रात्रभर बस, सकाळी नऊपासून खुर्ची. मधे दहा मिनिटं ती त्याच्या मेकअपच्या खोलीत आली, कोचावर टेकली नाही, डाग पडेल म्हणाली. "बोल ना माय, काय म्हणत होतीस?" "तुझं होऊ दे आदी. मंग सांगते." संध्याकाळी बसच्या स्टँडपर्यंत गाडीत तो फोनवर होता, फोन कशाचा होता तेही आता आठवत नव्हतं. बस सुटताना खिडकीशी उभं राहून त्याने विचारलं, "काय सांगायचं होतं?" तिने जवसाच्या चटणीचं पुडकं खिडकीतून दिलं. "काय न्हाई. बघायचं व्हतं तुला." हे वाक्य त्याने दीड वर्ष मायेचं म्हणून जपलं होतं. दोन मुलाखतींत सांगितलंही होतं.

शुक्रवारीच दुपारी निवृत्तीअण्णांनी त्याला टेबलाशी बोलावलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून ते केव्हाच निवृत्त झाले होते, पण छावणी उघडली तेव्हा संघाला वही ठेवणारा माणूस हवा होता आणि त्यांच्याइतकं चांगलं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. संघाच्या विठ्ठलराव चेअरमनांचा निरोप होता: एक मेला झेंडावंदनानंतर रामकिसनने दहा मिनिटं सेक्रेटरी करावा. लोक कंटाळलेत.

"तुमच्यासमोर कसा करू, अण्णा," रामकिसन म्हणाला.

"आरं सा वर्सं केलाच की सगळ्या राज्यासमोर. तवा मला इचारलंतं का?" अण्णांच्या आवाजात राग नव्हता, वहीत आडवी रेघ ओढता ओढता ते बोलत होते. "चांगला करायचास. त्यो नवा करतो ते मला पटत न्हाई. पर एक सांगू का? तू बी चुकतच व्हतास."

"काय चुकत होतो?"

"डोळा. मी कवा डोळा झाकत न्हवतो बे. ह्या डोळ्यानं मला दिसतच न्हाई. बारका असताना चुना उडाला त्यात. उजेडाकडं बघितलं का चुरचुरतो, मिटून घेतो आपसूक." त्यांनी चष्मा काढून दाखवला. बुबुळावर एक दुधट टिकली होती. "लोकायला वाटायचं, अण्णा लई बारकाईनं बघतेत. म्या बी म्हनलं, वाटू द्या."

रामकिसन त्या टिकलीकडे बघत राहिला. मग तो हसला, नटाला अशा वेळी येतं ते हसू, एक नंबरचं. अण्णांनी चष्मा घातला आणि "मग कळवतो चेअरमनला, हो म्हनून" असं म्हणून पुढची रेघ ओढली. त्याने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नाही. दावणीकडे परत येताना ऊन डोक्यात भणभणत होतं. सहा वर्षं राज्याला ज्या संशयावर हसवलं तो संशय नव्हताच. एक माणूस दुखणं मिटून घेत होता आणि समोर रांगेत उभ्या असलेल्याने त्यातून आपल्याला हवं ते वाचलं होतं. मुंबईच्या एडिटरने वेगळं काय केलं होतं?

शनिवारी त्याने सिंधुबाईला विचारलं. ती उसाची वाढी, हिरवे शेंडे, सोलत बसली होती. बैल एका लयीत चघळत होते, आणि दावणीभर मुताचा, मळीचा, तापलेल्या लोखंडी पत्र्याचा वास होता.

"काकू, त्या दिवशी माय हसत होती का?"

"कोन्या दिवशी?"

"मुंबईला. ते टीव्हीत दाखवतात ते."

"मंग काय रडत व्हती?"

"खोकत होती का, विचारतोय."

सिंधुबाईचा हात थांबला नाही. एक वाढं सोललं, दुसरं घेतलं. "आता कावून इचारतो?"

"सांगा ना."

"खोकला तिला त्या दिवाळीपसून व्हता. गावात सगळ्यायला म्हाईत. तुलाच न्हवता म्हाईत."

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगायलाच आल्ती की ती. मोठ्या दवाखान्यात दाखवायचं व्हतं तिला. बसमधी मला म्हनली, आदी त्याचं काम होऊ देऊ, मंग काडू इषय. पोराच्या कामाच्या दिवशी दुखण्याचं नाव नको." तिने वाढी बैलापुढे सारली. "सकाळधरनं दाबून बसली व्हती. त्यात ती गार हवा. तूच म्हनलास आवाज करू नका. एकदा उठली भाईर जायला, तर दारावरल्या मानसानं हात करून बसवली. मंग म्या तिच्या तोंडात खडीसाखर दिली. तेवढ्यात तू आलास, ते काचंचं धरून, डोळा झाकून. तवा तिला हसू आलं. हसू आलं का खोकला सुटला. मंग कोंबला पदर."

"म्हणजे हसली ती."

"हसली बी, खोकली बी."

"आधी काय, काकू? आधी हसू आलं का आधी खोकला?"

आता तिने त्याच्याकडे पाहिलं. उन्हाने डोळे बारीक झाले होते. "दोन्ही येगळं काडून तुला कसं देऊ बाबा? म्या काय डिग्री लावून बसले व्हते का तिला?" मग ती हळू म्हणाली, "हसली रे. खरंच हसली. खा चार घास आता."

हे शेवटचं तिने बोलायला नको होतं. तोवर त्याचा तिच्यावर विश्वास होता. 'खरंच' या शब्दाबरोबर तिचा आवाज एक पायरी खाली उतरला, लहान्याला झोपवताना उतरतो तसा, आणि आवाजाच्या पायऱ्या ओळखणं हाच त्याचा धंदा होता. तिने समोरचा माणूस पाहिला होता आणि त्याला झेपेल एवढं दिलं होतं. की ते खरंच होतं? त्याने विचारलं, मुंबईवाले म्हणतात तो तुकडा काढून टाकू, काय सांगू? सिंधुबाई उठली, लुगडं झटकलं. "दुपारची येती ती. तुला बघवत न्हाई तर तू गायीपशी थांबत जा." रविवार त्याने तसाच काढला, गायीपाशी. एक ते दीडच्या मधे पाठ टीव्हीकडे करून तो बांडीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसला आणि मागून हशा आला, मग "आली बघा" आलं. पाठीला खांदे दिसतात हे त्याला त्या दिवशी कळलं.

सोमवारी सकाळी एडिटरची फाइल आली. अकरा मिनिटं वीस सेकंद. वजनकाट्यावर उभं राहून त्याने कानात इयरफोनची बोंडं घातली. प्रेक्षकांवरच्या माईकचा आवाज वेगळा होता. रंगमंचावरचं बोलणं लांबून आल्यासारखं, आणि अगदी कानाशी खुर्च्यांचं करकरणं, बांगड्या, कोणाचा तरी नाक ओढण्याचा आवाज. सुरुवातीला त्याचाच आवाज. एक नंबर. तीनशे माणसं ओठांत हसली. दोन नंबर. तीन नंबर. तीनशे माणसं कशावरही नाही अशी खो-खो हसली आणि कॅमेरा रांगांवरून फिरला. तिसऱ्या रांगेत सिंधुबाई पदर लावून खांदे हलवत होती, आणि माय तिच्याकडे वळून, तोंड थोडं उघडं ठेवून, हे काय चाललंय अशी पाहत होती. ती हसत नव्हती. म्हणजे सांगितलेलं हसणं ते नव्हतं. तिसरी शक्यता गेली. पुढे सेक्रेटरी आला. सहा मिनिटं बारा सेकंदांवर, पडद्यावर रामकिसन डिग्री उजेडाकडे धरून उभा असताना, एक खोकला ऐकू आला. एकच. कोरडा, आणि अर्ध्यावर गिळलेला. पडद्यावरचा रामकिसन थांबला. अर्धा सेकंद, फार तर पाऊण. खोकला विरला आणि मग तो म्हणाला, "पानी हाय." तीनशे माणसं खरीखुरी कोसळली. सहा मिनिटं एकतीस सेकंदांवर कॅमेरा तिच्याकडे गेला, मूठ, पदर, खांदे. त्या गदारोळात तिचा म्हणून कुठलाच आवाज नव्हता.

त्या दिवशी काम संपल्यावर दिग्दर्शकाने त्याला मिठी मारली होती. तो थांबा, म्हणाला होता, तुझ्या आयुष्याचा थांबा आहे, रामकिसन, सोडू नको त्याला. आणि त्याने सोडला नव्हता. त्यानंतरच्या प्रत्येक भागात, प्रत्येक वरातीत, प्रत्येक गणपतीच्या मांडवात त्याने 'पानी हाय'च्या आधी तो पाऊण सेकंद ठेवला होता. कुठून सुचला असं लोक विचारायचे तेव्हा तो म्हणायचा, आतून येतं. नव्या नटाने तो तसाच उचलला होता. सोमवार-मंगळवार राज्यभर, आणि दुपारी छावणीत, सगळे हसायच्या आधी एक माणूस पाऊण सेकंद थांबत होता, आणि ती जागा एका खोकल्याची होती. नट खोकल्यासाठी थांबतो. वाक्य खोकल्यात बुडू नये म्हणून थांबतो. म्हणजे त्याने ऐकला होता. प्रश्न एवढाच उरला होता, की कोणाचा ते त्याला कळलं होतं का. तीनशे माणसांत आपल्या मायचा खोकला कळत नाही असं होतं का? त्याने तो भाग नऊ वेळा मागे नेला. त्या पाऊण सेकंदात पडद्यावरचा उघडा डोळा डावीकडे सरकतो. डावीकडे तिसरी रांग आहे. तिसऱ्या रांगेच्या खालीच, त्याच रेषेत, वेळ दाखवणारं घड्याळ आहे. खाली काट्यावर आकडे हलत होते, कारण तो स्थिर उभा नव्हता. फाटकाशी टँकर येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तेव्हा तो उतरला.

मंगळवारी, २६ एप्रिलला, सकाळी एडिटरचा संदेश आला: काका, ठेवू की काढू? दुपारी रामकिसन गायीपाशी थांबला नाही. तो बायांच्या मागे जाऊन उभा राहिला. नव्या नटाने डिग्री उजेडाकडे धरली, डोळा झाकला, थांबला. त्या थांब्यात रामकिसनने श्वास धरला, आणि सिंधुबाईने, पुढच्या ओळीत बसल्या बसल्या, पदर मुठीत घेतला. एक वाजून एकतीस मिनिटांनी भिवराबाई दिसल्या. खांदे दोनदा वर जाऊन खाली आले, तिसऱ्यांदा वर निघाले. एक मेच्या कार्यक्रमपत्रिकेवर निवृत्तीअण्णांच्या अक्षरात रामकिसनचं नाव लागलं आहे, वेळ साडेनऊ. एडिटरच्या संदेशाला बुधवारी दुपारपर्यंत उत्तर गेलेलं नाही.